विमानाचे पंख आणि ओल्गाबाईंची वर्तुळं

मैत्रिणींनो, किराण्यातून आणलेल्या व्हिनेगरच्या बाटलीवरची बारीक अक्षरं कधी वाचली आहेत? त्यावर आम्लाचं प्रमाण टक्क्यांत छापलेलं असतं. ते मनाला येईल तसं ठेवून चालत नाही, ठरलेल्या नियमात बसवावं लागतं. समजा, कारखान्यात १० टक्क्यांचं दहा लिटर व्हिनेगर आहे आणि बाजारात न्यायचं आहे ४ टक्क्यांचं. मग त्यात पाणी किती घालायचं? हे आपण तोंडीसुद्धा सांगू, पंधरा लिटर. पण दोन नाही, चार-पाच वेगवेगळ्या तीव्रतेचं व्हिनेगर असलं आणि ते अमुकच मापांत घ्यायचं असलं, की डोकं खाजवावं लागतं. ऑस्ट्रियातल्या लिंझ गावच्या एका कारखान्यात हे कोडं शाळकरी वयाच्या एका मुलीपुढे तिच्या वडिलांनी ठेवलं होतं. तिने ते सोडवलं. आणि पुढे, महायुद्धाच्या दिवसांत, याच मुलीच्या गणिताचा उपयोग विमानांचे पंख सलामत राहतील की नाही हे ठरवायला झाला.

तिचं नाव ओल्गा टाउस्की. लग्नानंतर ओल्गा टाउस्की-टॉड. मॅट्रिक्स हा विषय शिकलेल्या कुठल्याही गणितज्ञाला हे नाव ठाऊक असतं. मी स्वतः बी.एस्सी.ला मॅट्रिक्स शिकले, नंतर कितीतरी वर्षं शिकवलंसुद्धा, पण वर्गात हे नाव कोणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. आपल्याला शकुंतलादेवी माहीत असतात. फार तर एमी नोथर ऐकलेली असते. म्हणून म्हटलं, आज ओल्गाबाईंची ओळख करून द्यावी.

ओल्गाचा जन्म ३० ऑगस्ट १९०६ चा, ओल्मुट्झ गावातला. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, आता चेक प्रजासत्ताकात आहे. घर ज्यू. तीन बहिणी, ओल्गा मधली. वडील औद्योगिक रसायनतज्ज्ञ, शिवाय वर्तमानपत्रांतून लिहिणारे. ओल्गा तीन वर्षांची असताना कुटुंब व्हिएन्नाला आलं आणि पहिलं महायुद्ध चालू असताना लिंझला गेलं. वडील तिथल्या व्हिनेगरच्या कारखान्यात संचालक होते. मुलींनी कलेच्या वाटेला जावं अशी त्यांची हौस, पण तिघी गेल्या विज्ञानाकडे. आई खेड्यात वाढलेली, शिक्षण बेताचं, पण व्यवहाराला पक्की. मुलींच्या या अभ्यासाने ती भांबावून जायची. बदकाची अंडी उबवून बसलेल्या कोंबडीसारखी आपली गत झाली, पिल्लं पाण्यात शिरली की काठावर जीव टांगणीला, असं ती म्हणायची. मला हे वाचून आपल्याच कितीतरी आया आठवल्या. मुलगी इंजिनिअरिंगला गेली, ती काय शिकते हे आईला कळत नाही, पण डबा मात्र वेळेवर तयार असतो.

ओल्गाला लहानपणी कविता करायचा नाद होता, भाषा आवडायच्या. गणिताकडे ती हळूहळू वळली. शाळेचं शेवटचं वर्ष चालू असतानाच वडील वारले. घरात दुसरी मिळकत नाही. थोरली बहीण इलोना हिने वडिलांच्या ओळखीतली सल्ल्याची कामं पुढे चालवली, ओल्गा शिकवण्या करू लागली, कारखान्यातही काम केलं. अशा वेळी कोणीही सांगेल, पोरी, पोटापाण्याचं बघ, रसायनशास्त्र घे, कारखान्यात लागशील. तिलाही तोच सल्ला होता. १९२५ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात नाव घालताना तिने रसायनशास्त्र जोडीला ठेवलं, पण मुख्य विषय गणितच घेतला.

व्हिएन्नात तेव्हा विद्वानांची रेलचेल होती. पुढे तर्कशास्त्रात जगभर गाजलेला कुर्ट गोडेल तिच्याच काळातला विद्यार्थी. तिचे मार्गदर्शक फिलिप फुर्टवेंग्लर. या माणसाबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे. मानेखालचं शरीर लुळं. चाकांच्या खुर्चीत बसून, हातात एकही टिपण नसताना ते तासभर अंकशास्त्र शिकवायचे आणि फळ्यावर लिहायला एक सहायक असायचा. विद्यार्थ्याला विषय देताना मात्र सर फार घोळ घालत. ओल्गाची बरीच वाट पाहण्यात गेली. शेवटी मिळालेला विषय अंकशास्त्राच्या अगदी गाभ्यातला होता आणि कठीण होता. १९३० मध्ये तिला डॉक्टरेट मिळाली.

त्यानंतर जर्मनीतल्या गटिंगेनहून बोलावणं आलं. डेव्हिड हिल्बर्ट या थोर गणितज्ञाचे लेख एकत्र छापायचे होते आणि अंकशास्त्राच्या खंडासाठी जाणकार संपादक हवे होते. ओल्गा आणि आणखी दोन तरुण कामाला बसले. छपाईच्या चुका तर निघाल्याच, पण हिल्बर्टसारख्याच्या गणितातल्याही चुका निघाल्या! पंचविशीतल्या मुलीने एवढ्या मोठ्या माणसाचे लेख ओळ न् ओळ तपासायचे आणि दुरुस्त करायचे, ही काय साधी गोष्ट आहे? तो खंड १९३२ मध्ये निघाला. पण गटिंगेनची हवा बदलत होती. ज्यू लोकांविषयीचा द्वेष उघड दिसू लागला होता. तिथल्या प्रमुखांनीच तिला परत येऊ नको असं सुचवलं. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि एमी नोथरसकट कितीतरी जणांच्या नोकऱ्या गेल्या.

ओल्गा व्हिएन्नाला परतली. डॉक्टरेट हातात, हिल्बर्टच्या खंडावर नाव, आणि पोटासाठी पुन्हा शिकवण्या. विद्यापीठातून तुटपुंजे पैसे मिळत. मग दोन ठिकाणांहून उत्तरं आली. अमेरिकेतल्या ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात एक वर्ष आणि केंब्रिजच्या गर्टन या मुलींच्या कॉलेजात शिष्यवृत्ती. गर्टनने पहिलं वर्ष अमेरिकेत घालवायची परवानगी दिली.

ब्रिन मॉरला एमी नोथर होत्याच. नोकरी गेल्यावर त्या तिथे आल्या होत्या. गणितातल्या या दोन बायका, एक पन्नाशीची, दुसरी तिशीच्या आत, आठवड्याला आगगाडीने प्रिन्स्टनला जायच्या. तिथे नोथरबाईंचं व्याख्यान असायचं. नोथरबाई मायाळू होत्या, पण फटकळही होत्या. त्यांना सगळं गणित उंचावरून, आकडे बाजूला ठेवून बघायची आवड. ओल्गाला मात्र हातात एखादं उदाहरण, एखादं खरं गणित हवं असायचं. दोघींचं त्यावरून खटकायचं. तरी ते वर्ष ओल्गाने आयुष्यभर जपलं. १४ एप्रिल १९३५ ला, एका शस्त्रक्रियेनंतर, नोथरबाई अचानक गेल्या. ओल्गाचाही अमेरिकेतला मुक्काम त्यानंतर संपत आला.

आता केंब्रिज. गर्टन कॉलेज मुलींचं, पण त्या काळात केंब्रिज विद्यापीठ मुलींना पूर्ण पदवी देतच नव्हतं. ते दिलं १९४८ मध्ये! ओल्गा तिथे दोन वर्षं राहिली आणि मग कायमच्या नोकरीसाठी मुलाखती देऊ लागली. एका मुलाखतीत तिला विचारलं गेलं की तुमचे बरेच लेख दुसऱ्यांबरोबर लिहिलेले दिसतात, तर त्यात थोरला लेखक कोण आणि धाकटा कोण? म्हणजे डोकं कोणाचं आणि लिहिणावळ कोणाची? समितीत जी. एच. हार्डी होते, आपल्या रामानुजनला केंब्रिजला नेणारे तेच. हा प्रश्न अगदी गैर आहे असं हार्डींनी तिथल्या तिथे सुनावलं. आणखी एका ठिकाणी एका बाईंनीच खोचकपणे विचारलं की तुम्ही नेहमी पुरुषांबरोबरच काम का केलंत? ओल्गाने शांतपणे उत्तर दिलं की म्हणूनच तर मुलींच्या कॉलेजात अर्ज केलाय. मला हे फार आवडलं. मी पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला गेले होते तेव्हा मला गणितातला एकही प्रश्न न विचारता लग्न कधी करणार एवढंच विचारलं होतं, आणि असं झणझणीत उत्तर काही त्या वेळी तोंडावर आलं नव्हतं.

१९३७ मध्ये लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजात तिला धाकट्या दर्जाची का होईना, पण नोकरी लागली. लंडनमधल्याच दुसऱ्या कॉलेजात जॅक टॉड नावाचा आयरिश गणितज्ञ शिकवत होता, तिच्याहून पाच वर्षांनी लहान. एका गणितात अडला म्हणून तो तिच्याकडे आला. २९ सप्टेंबर १९३८ ला त्यांचं लग्न झालं. युरोपवर युद्धाचं सावट होतं, त्याच आठवड्यात म्युनिकचा करार व्हायचा होता. वर्षभरात युद्ध पेटलं आणि या दोघांची वरात सुरू झाली. कधी बेलफास्ट, कधी ऑक्सफर्ड, पुन्हा लंडन. युद्धाच्या काळात त्यांनी अठरा बिऱ्हाडं बदलली! आपण एकदा भाडेकरूची खोली बदलली तरी महिनाभर भांडी सापडत नाहीत. ही बाई अठरा वेळा गाठोडी बांधून पुन्हा कागद-पेन्सिल घेऊन बसत होती. ऑक्सफर्डला असताना तिने हॅना नॉयमन या मुलीला डॉक्टरेटसाठी मार्गदर्शन केलं. हॅना जर्मनीतून आलेली, पदरी लहान मुलं, राहायला जागा नाही म्हणून चाकांवरच्या घरात संसार, आणि प्रबंध लिहिला मेणबत्तीच्या उजेडात. पुढे तीही मोठी गणितज्ञ झाली.

याच धावपळीत ओल्गाचं मॅट्रिक्सवरचं काम सुरू झालं. मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांचा तक्ता. बचत गटाच्या वहीत आडव्या ओळीत बायकांची नावं आणि उभ्या रकान्यात महिने असतात ना, तसे आकडे मांडायचे. फरक एवढाच की या तक्त्यांची बेरीज, गुणाकार असं सगळं करता येतं, आणि प्रत्येक चौरस तक्त्याचे स्वतःचे काही खास आकडे असतात. त्यांना आयगेनव्हॅल्यू म्हणतात. तक्ता बाहेरून कितीही मोठा दिसो, त्याचा स्वभाव या आकड्यांत असतो. एखादी वस्तू थरथरली तर ती थरथर विरून जाईल की वाढत जाईल, हे त्यावरून कळतं.

१९४३ मध्ये ओल्गाला टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत विमान उत्पादन खात्याच्या कामावर घेतलं. तिथे रॉबर्ट फ्रेझर यांचा गट एकाच प्रश्नाच्या मागे होता. त्याला इंग्रजीत फ्लटर म्हणतात, आपण फडफड म्हणू. विमानाचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला की पंख आपोआप फडफडू लागतात आणि ती फडफड वाढत वाढत पंखच मोडू शकतो. आत वैमानिक बसलेला असतो. तेव्हा नव्या विमानाला कितपत वेग झेपेल हे उडवण्याआधीच सांगायला हवं. त्यासाठी विमानाची माहिती सहा बाय सहाच्या तक्त्यात मांडायची आणि त्याच्या खास आकड्यांत एखादा शून्याच्या उजवीकडे जातो का ते बघायचं. सगळे डावीकडे असले तर थरथर विरते, विमान सुखरूप. एक जरी उजवीकडे गेला तर धोका.

सांगायला सोपं, करायला महाकठीण. संगणक नव्हते. युद्धकामावर बोलावलेल्या कितीतरी तरुण मुली हाताने दांडी फिरवायच्या गणनयंत्रांवर दिवसभर आकडेमोड करत. आमच्या कॉलेजच्या संख्याशास्त्राच्या खोलीत तसलं एक जुनं यंत्र होतं, एक मोठा भागाकार केला तरी मनगट दुखायचं. इथे तर एकेका तक्त्यासाठी शेकडो गुणाकार.

ओल्गाला आठवला एक रशियन गणितज्ञ, गेर्शगोरिन. त्याने १९३१ मध्ये एक साधी गोष्ट सिद्ध केली होती. ती इतकी सोपी आहे की मी इथे सांगतेच, हातात पेन्सिल घ्या. दोन ओळींचा तक्ता मांडा. पहिल्या ओळीत उणे १० आणि २, दुसरीत ३ आणि उणे ८. तिरक्या रेषेवर आले उणे १० आणि उणे ८. आता उणे १० हा मध्य धरून, त्याच ओळीतल्या उरलेल्या आकड्याएवढ्या, म्हणजे २ त्रिज्येचं वर्तुळ काढा. उणे ८ हा मध्य धरून ३ त्रिज्येचं दुसरं. गेर्शगोरिन सांगतो, खास आकडे या वर्तुळांच्या बाहेर जाऊच शकत नाहीत. पहिलं वर्तुळ उणे ८ पर्यंत पोचतं, दुसरं उणे ५ पर्यंत. दोन्ही शून्याच्या डावीकडे. झालं! खास आकडे नेमके किती हे न काढताच कळलं की धोका नाही. ज्यांना खातरजमा करायची असेल त्यांना सांगते, ते येतात सुमारे उणे ६.३५ आणि उणे ११.६५.

पण खऱ्या विमानाच्या तक्त्यात ही वर्तुळं ऐसपैस निघायची, काही शून्य ओलांडून उजवीकडे घुसायची. मग काहीच ठरत नसे. ओल्गाने इथे आपलं डोकं चालवलं. तक्त्याच्या ओळींना आणि रकान्यांना ठरावीक रीतीने गुणून-भागून तिने वर्तुळं आक्रसून घेतली. खास आकडे तेच राहतात, वर्तुळ तेवढं लहान होतं. एक वर्तुळ लहान केलं की दुसरं फुगतं, त्यामुळे कुठलं किती दाबायचं याचा अंदाज लागतो. पीठ मळताना पाण्याचा येतो तसा. या युक्तीने कितीतरी आकडेमोड वाचली आणि फडफडीचा निर्णय लवकर मिळू लागला. युद्धानंतर १९४९ मध्ये तिने या सिद्धांतावर एक छोटा लेख लिहिला आणि तो अनेकांनी पुन्हा पुन्हा नव्याने शोधून काढला आहे असं त्यात दाखवलं. गेर्शगोरिनची वर्तुळं आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहेत, त्यात या लेखाचा मोठा वाटा. अंकशास्त्रात वाढलेली ओल्गा यानंतर मॅट्रिक्सची झाली ती कायमचीच.

१९४७ मध्ये दोघं अमेरिकेला गेली. तिथल्या सरकारी मानक संस्थेत नवे संगणक येत होते आणि मोठे तक्ते त्यांच्यावर कसे सोडवायचे हे सांगणारे लोक हवे होते. ओल्गाचं पद होतं गणित-सल्लागार. याच काळात थिओडोर मोट्झकिन यांच्याबरोबर तिने दोन तक्ते एकत्र आले की त्यांचे खास आकडे कसे वागतात यावर जे काम केलं, ते त्या दोघांच्या जोडनावाने ओळखलं जातं.

एक गोष्ट मला इथे सांगायचीच आहे, जरी ती ओल्गाबाईंची स्वतःची नसली तरी. त्याच दशकात युजीन विग्नर या भौतिकशास्त्रज्ञाला जड अणूंच्या गाभ्याचा तक्ता मांडायचा होता, पण तो इतका अवाढव्य की आकडे भरणंच अशक्य. मग त्याने सोंगट्या टाकाव्यात तसे वाटेल ते आकडे भरले आणि खास आकड्यांत काय नक्षी दिसते ते बघितलं. नक्षी निघाली! या विषयावर १९६७ मध्ये पहिलं मोठं पुस्तक लिहिलं ते मदनलाल मेहता या भारतीयाने. आणि १९७२ मध्ये प्रिन्स्टनला चहाच्या वेळी ह्यू माँटगोमेरी हा तरुण अंकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांना भेटला. भेट घालून दिली सर्वदमन चावला यांनी, तेही आपलेच. मूळ संख्यांच्या अभ्यासात माँटगोमेरीला जे सूत्र सापडलं होतं, ते या तक्त्यांच्या नक्षीशी जुळतंय हे डायसननी ऐकताक्षणी ओळखलं. अंकशास्त्र एका टोकाला आणि विमान, अणू, तक्ते दुसऱ्या टोकाला असं मानणारे पुष्कळ होते. ओल्गाबाई मात्र आयुष्यभर या दोन्ही घरांत राहत होत्या.

१९५७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या नामांकित संस्थेने नवरा-बायको दोघांना बोलावलं. जॅकला प्राध्यापकपद. ओल्गाबाईंना संशोधन सहकारी. दर्जा प्राध्यापकाच्या बरोबरीचा आहे असं सांगितलं गेलं, शिकवायची मुभा होती, सक्ती नव्हती. फक्त प्राध्यापक हा शब्द नव्हता. त्या वेळी तिथे एकही स्त्री प्राध्यापक नव्हती आणि पदवीच्या वर्गात मुलींना प्रवेशच नव्हता, तो मिळाला १९७० मध्ये. ओल्गाबाईंनी कुरकुर न करता कामाला सुरुवात केली. विद्यार्थी त्यांच्याकडे ओढले गेले. एकूण चौदा जणांनी त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. १९६३ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने त्यांना वर्षातली मानाची स्त्री म्हणून गौरवलं, तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. कारण निदान या पुरस्काराबद्दल एकाही पुरुष सहकाऱ्याला हेवा वाटायचं कारण नव्हतं!

मग आलं १९६९. संस्थेत इंग्रजी शिकवायला एक तरुण बाई नेमल्या गेल्या आणि कॅलटेकच्या अध्यापकवर्गातली ही पहिली स्त्री, असा गाजावाजा झाला. त्या बिचाऱ्या बाईंचा यात काहीच दोष नव्हता. पण बारा वर्षं त्याच इमारतीत शिकवणाऱ्या, डॉक्टरेटचे विद्यार्थी घडवणाऱ्या ओल्गाबाईंना काय वाटलं असेल? आपण मोजणीतच नव्हतो तर! आतापर्यंत पदाबद्दल त्या गप्प होत्या. या वेळी उठून सरळ वरिष्ठांकडे गेल्या आणि आपलं पद नेमकं काय ते विचारलं. १९७१ मध्ये त्या प्राध्यापक झाल्या, कॅलटेकच्या इतिहासात हे पूर्ण पद मिळालेल्या पहिल्या स्त्री. वय होतं चौसष्ट-पासष्ट. निवृत्तीला सहा वर्षं उरली होती. त्याच वर्षी वर्गांच्या बेरजेवरच्या त्यांच्या एका लेखाला अमेरिकेतला मानाचा फोर्ड पुरस्कार मिळाला. जवळजवळ तीनशे लेख नावावर असलेल्या बाईला प्राध्यापक म्हणवून घ्यायला स्वतः उठून विचारावं लागलं, हे मला आजही पचत नाही.

१९७८ मध्ये ऑस्ट्रियाने, म्हणजे जिथे परत जाणं एकेकाळी त्यांच्या जिवावरचं झालं असतं त्या देशाने, विज्ञान आणि कलेसाठीचा मानाचा क्रॉस त्यांना दिला. धाकटी बहीण हेर्टा तोवर न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात रसायनतज्ज्ञ झाली होती. कोंबडीची तिन्ही पिल्लं पोहत पार लांब गेली होती.

निवृत्तीनंतरही पत्रं, लेख, विद्यार्थी चालूच होते. ओल्गाबाई आणि जॅक यांना मूलबाळ नव्हतं. सत्तावन्न वर्षांचा संसार करून ७ ऑक्टोबर १९९५ ला पॅसाडिनाच्या राहत्या घरी त्या झोपेतच गेल्या. वय ८९. जॅक त्यानंतर बारा वर्षं होते, २००७ मध्ये शहाण्णवाव्या वर्षी वारले. उपयोजित गणिताची जागतिक परिषद दर चार वर्षांनी भरते, तिथे ओल्गा टाउस्की-टॉड व्याख्यान त्याच २००७ पासून सुरू झालं आहे आणि ते द्यायचा मान दर वेळी एका स्त्री गणितज्ञाला मिळतो.